मातीच्या शिपायाचा रंग

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी, मी खिशातून एक डबी काढून तीतील ऐवज चार-दोन मित्रांना दाखविला. डबीत इंचभर उंचीचा, अर्धवट रंगविलेला एक पायदळ शिपाई होता. एका तरुण साथीने तो तळहातावर घेऊन न्याहाळला आणि म्हटले, "सर, आयुष्यभर युद्धखोरीविरुद्ध बोललात आणि आता उतारवयात शिपाई रंगवीत बसता?" सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याचे उत्तर त्या दिवशी मला नीट देता आले नाही, ते येथे देऊ पाहतो.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. इतिहासातील एखादी लढाई निवडावयाची, तिच्यातील दोन्ही फौजांचे इंच-सव्वा इंच उंचीचे शिपाई धातूचे वा प्लॅस्टिकचे आणावयाचे, ते रंगवावयाचे, आणि मग मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, गाव मांडून, मोजपट्टी व फासे घेऊन, ठरविलेल्या नियमांनी ती लढाई पुन्हा खेळावयाची. खेळ एका संध्याकाळचा असतो, रंगविणे महिनोन् महिन्यांचे. प्रथम सबंध बाहुलीवर काळे किंवा राखाडी अस्तर द्यावयाचे; मग अंगरख्याचा, कातडीचा, लाकडाचा असे मूळ रंग; त्यावर गडद रंगाचे पातळ पाणी सोडले म्हणजे ते कपड्यांच्या घड्यांत आपोआप उतरते; आणि अखेरीस जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवून ते उजळावयाचे. डोळ्याची बाहुली काढण्यासाठी श्वास रोखावा लागतो. साठी उलटलेल्या माणसाच्या हाताला हे जमते ते फक्त सकाळी, चहाच्या आधी.

या खेळाची कुळी काही फारशी पुरोगामी नाही. प्रशियाच्या रायस्विट्झ पिता-पुत्रांनी तो सिद्ध केला आणि १८२४ नंतर तेथील लष्करी अधिकाऱ्यांना तो शिकविण्यात येऊ लागला. म्हणजे राज्यकर्त्या वर्गाच्या शिक्षणाचे ते एक साधन होते. त्याला दिवाणखान्यात आणले ते मात्र एका समाजवाद्याने. एच. जी. वेल्स हा काही काळ फेबियन सोसायटीचा सभासद. नेहरूंनी ज्याच्या जगाच्या इतिहासाचा आधार घेतला तोच हा वेल्स. त्याने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे छोटे पुस्तक लिहिले. खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळ्या उडवून शिशाचे शिपाई आडवे पाडावयाचे, असा त्याचा खेळ. ज्या कोणाला युद्धाची हौस असेल त्याने ती जमिनीवर बसून, खेळण्यांनी भागवावी आणि खऱ्या माणसांना जगू द्यावे, असा त्याचा मथितार्थ. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि तोच वेल्स हे युद्ध म्हणजे युद्धाचाच अंत करणारे युद्ध होय असे सांगत त्याच्या पाठीशी उभा राहिला. तेव्हा खेळातले युद्ध माणसाला शांततावादी बनविते असा दावा मी करणार नाही. खुद्द जनकाच्या बाबतीतच तो टिकला नाही. माझे म्हणणे याहून लहान आहे आणि ते खेळण्याविषयी नसून रंगविण्याविषयी आहे.

आपल्याकडे हा छंद परका वाटतो, तो तसा नाही. दिवाळीत दगड, विटा, गोणपाट व चिखल यांचा किल्ला करावयाचा, त्यावर अळीव-मोहरी पेरावयाची, शिखरावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज व बुरुजाबुरुजांवर मावळे मांडावयाचे, हे पुणे, सातारा, कोल्हापूर, मुंबईकडील पोर पिढ्यान् पिढ्या करीत आले आहे. आमच्या खानदेशात ही चाल तितकी रुजलेली नाही; नोकरीपेशातील कुटुंबांबरोबर ती इकडे आली. पण हे मावळे म्हणजे रंगविलेले ऐतिहासिक शिपाईच नव्हेत काय? २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसायादीत घेतले, त्यांत आमच्या शेजारच्या बागलाणातील साल्हेर आहे. १६७२ मध्ये याच साल्हेरपाशी मराठ्यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. साहजिकच त्या दिवाळीत किल्ल्यांना भर आला, आणि बाजारात मावळ्यांना.

त्या वेळी मी बाजारात एका टोपलीतले मावळे मुद्दाम एकेक करून पाहिले. सगळे एका रंगाचे. भगवा अंगरखा, भगवे पागोटे, पांढरी सुरवार, कमरेला लाल शेला. चेहऱ्याचा रंग गोरा, गुलाबीकडे झुकणारा. भाला, तलवार, तुतारी एवढाच काय तो फरक. विक्रेत्याला विचारले, "सगळ्यांचे कपडे सारखेच?" तो म्हणाला, "सैन्य आहे ना, साहेब."

येथेच सारा प्रश्न आहे. ते सैन्य होते, पण सारख्या कपड्यांचे नव्हते. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या फौजेची व्यवस्था सांगितली आहे, ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावी. घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग. बारगीराचा घोडा सरकारी पागेचा. शिलेदाराचा घोडा व हत्यारे त्याची स्वतःची. म्हणजे एक उत्पादनसाधनांचा मालक आणि दुसरा नव्हे, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. पावसाळ्यात लष्कर छावणीला येई, दसऱ्याला बाहेर पडे. जाताना प्रत्येकाच्या सामानाची यादी होई व येताना झडती. एवढा चोख हिशेब ठेवणाऱ्या राज्याने प्रत्येक शिपायाला एकरंगी अंगरखा शिवून दिल्याचा पुरावा मात्र नाही. ज्याला जे परवडले ते त्याने अंगावर घातले. आता रंगविणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो: शिलेदाराचा शेला कोणता, बारगीराचा कोणता? मावळातून आलेल्या, ज्याच्या घरी नाचणीखेरीज काही पिकत नाही अशा पायदळ शिपायाच्या अंगावर कोणते कापड असेल? न रंगविलेले, जाडेभरडे, धुवून धुवून मळकट झालेले. तो पांढरा रंग डबीतून तयार येत नाही; त्यात किंचित काव, किंचित काजळी मिसळावी लागते. आणि चेहऱ्याचा तो गुलाबी रंग तर प्रथम फेकून द्यावा लागतो.

कापड रंगीत असेल तर त्यामागे रंगारी आहे, रंगाऱ्यामागे शेतकरी आहे. आमच्या खानदेशात आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून लाल रंग काढीत. १९३६ च्या ग्रामीण काँग्रेस अधिवेशनामुळे आपल्या लक्षात राहिलेले फैजपूर हे त्यापूर्वी छापील कापड आणि निळीच्या व लाल रंगांसाठी नामांकित होते. १८६८-६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझारीन हा लाल रंग प्रयोगशाळेत बनविला, आणि मंजिष्ठा व आल यांच्या शेतीचा कणा मोडला. मावळ्याच्या कमरेचा लाल शेला रंगविताना हे सारे डोळ्यांपुढे येते. तो लाल झगझगीत असता कामा नये, किंचित विटकरी हवा. आणि तो विटकरी रंग जमला म्हणजे एका बुडालेल्या धंद्याची आठवण जमली. वर्गात मी वसाहतवादी अर्थव्यवस्थेवर तीस वर्षे व्याख्याने दिली. या एका शेल्याने मला जे दाखविले ते मी कधी विद्यार्थ्यांना इतक्या नेटकेपणाने दाखवू शकलो नाही.

ज्यांना एकरंगी फौजच हवी असेल त्यांच्यासाठीही इतिहासात सोय आहे. १७६१ मध्ये पानिपतावर इब्राहिमखान गारदीची कवायती पलटण होती; पुढे १७८४ नंतर महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सरदाराकडून पलटणी उभारल्या. मराठ्यांच्या बाजूने पानिपतावर सर्वांत शिस्तीने लढलेल्या तुकडीचा नायक मुसलमान होता आणि पराभवानंतर त्याला हाल करून मारण्यात आले, हे भगव्या टोपलीत कोठे बसवावयाचे? जालना जिल्ह्यातील असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३ ची, इंग्लंडातील छंदिष्टांची मोठी आवडती आहे, कारण तीत वेलिंग्टन जिंकला. त्यामुळे शिंद्यांच्या पलटणीतील शिपायाच्या बटणांचा विचार नॉटिंगहॅमला जितका होतो तितका जालन्याला होत नाही. आमच्या पोरांना असई कोठे आहे हेही सांगावे लागते.

आता रंगविणाऱ्या हातांविषयी. छंदिष्ट एका शिपायावर आठवडा घालवितो. बाजारातला मावळा रंगविणाऱ्या कारागिराला काही क्षणही मिळत नाहीत. प्लास्टर ऑफ पॅरिस साच्यात ओतून काढलेल्या बाहुल्या रांगेने मांडलेल्या. एक हात सगळ्यांचे अंगरखे फवारतो, दुसरा सगळी पागोटी, तिसरा नुसत्या मिशा. मजुरी शेकड्यावर. ॲडम स्मिथने टाचणीच्या कारखान्यात जे पाहिले तेच हे, आणि एकरंगी मावळ्याचे खरे कारणही बहुधा हेच आहे. त्यात राजकारण नाही असे मी म्हणत नाही. पण राजकारणाला सोयीचा रंग आणि भांडवलाला स्वस्त पडणारा रंग येथे एकच निघाला, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावी. जर्मनीतील न्यूरेंबर्गचे कथलाचे चपटे शिपाई एकोणिसाव्या शतकात साऱ्या युरोपभर जात, ते रंगविण्याचे काम घरोघरच्या बायका व मुले करीत. श्रीमंतांच्या मुलांनी खेळावयाचे शिपाई गरिबांच्या मुलांनी रंगवावयाचे. आज आपल्याकडे परदेशी खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्याने साच्याच्या मालकाला संरक्षण मिळाले; मिशा काढणाऱ्या हाताला त्यातले काही पोचेल असे या शुल्कात काहीच नाही. तिकडे इंग्लंडात काल्पनिक राक्षस-योद्ध्यांच्या बाहुल्या विकणारी गेम्स वर्कशॉप ही कंपनी २०२४ च्या डिसेंबरात लंडन शेअर बाजारातील पहिल्या शंभर कंपन्यांत गेली. म्हणजे घरच्या टेबलावरचा निरुपद्रवी छंदही भांडवलाच्या नजरेतून सुटत नाही. तेव्हा साच्याचा, महागड्या डब्यांचा मार्ग आपला नव्हे. मी शाडू वापरतो, क्वचित काळी माती. आणि रंग म्हणाल तर गेरू, काव, नीळ, चुना, काजळी यांवर माझे पाऊण काम भागते. विल्यम मॉरिस या इंग्रज समाजवाद्याने १८८४ मध्येच उपयुक्त काम आणि निरर्थक राबणूक यांतला भेद मांडला होता. एका शिपायावर आठवडा घालविताना मजुरीचा हिशेब होत नाही, म्हणून तो माणसासारखा दिसतो.

ज्या प्रसंगाने हे लिहावयास घेतले तो आता सांगतो. आमच्या गल्लीत त्या दिवाळीत मुलांनी मोठा किल्ला केला. त्यात एक पावरा मुलगाही होता. त्याचे वडील धडगावकडचे, नोकरीनिमित्त नंदुरबारात राहतात. बाकीची मुले विकतचे मावळे मांडीत असता याने उरलेल्या चिखलातून एक माणूस केला, त्याच्या हातात काडीचा तिरकामठा दिला, आणि तो घेऊन उभा राहिला. मुलांत चर्चा झाली: हा कोणाच्या बाजूचा? महाराजांच्या की मोगलांच्या? मुलगा काही बोलला नाही. अखेर मुलांनी मार्ग काढला. किल्ल्याच्या पायथ्याशी गवत लावून जे जंगल केले होते, गुहेत वाघ ठेवला होता, त्या वाघाच्या शेजारी त्यांनी त्या माणसाला उभे केले. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते. सर्वांना ती जागा योग्यच वाटली. मी ओट्यावरून पाहत होतो. मीही त्या वेळी काही बोललो नाही, ही माझी कबुली.

किल्ल्याच्या पायथ्याशी माणसे असत, हे खरेच आहे. गडाच्या घेऱ्यात मेटे असत आणि तेथे कोळी, रामोशी, महार, बेरड राखण करीत. गड जागता राही तो त्यांच्यामुळे. पण मेटकरी बाजारात मिळत नाही. आणि भिल्लांचा इतिहास तर साऱ्या चौकटीच मोडणारा. घाटवाटांची रखवाली हा त्यांच्या नाइकांचा पिढीजात हक्क. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, त्या हक्कांचा प्रश्न पेटला, डोंगर उठले. १८२५ मध्ये औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली, आणि एका भिल्लाला गणवेश मिळाला तो दुसऱ्याला धरण्यासाठी. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटाच्या रखवालीवर इंग्रजांच्याच नोकरीत होता. १८५७ च्या उठावात तो आणि भीमा नाईक उलटले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे मोठी लढाई झाली, भिल्लांचा पाडाव झाला आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना तेथेच गोळ्या घालण्यात आल्या. "हा कोणाच्या बाजूचा?" या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर ते येथे आहे, पण आंबापाणीचा एकही शिपाई कोणत्याही टोपलीत नाही, नॉटिंगहॅमच्याही नाही आणि नंदुरबारच्याही नाही.

म्हणून मला वाटते की राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी, आश्रमशाळांतल्या आपल्या शिक्षक साथींनी, दिवाळीच्या सुटीपूर्वी आठ दिवस मुलांना माती आणि रंग द्यावेत आणि आपल्या मुलखाची एक लढाई करावयास सांगावे. व्याख्यान देऊ नये. मुलेच विचारतील: पायांत काय होते? एप्रिलात अंगावर काय असेल? बंदूक कोणाकडे होती आणि कोणाकडे नव्हती? ही उत्तरे शोधण्यासाठी त्यांना घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जावे लागेल, आणि ते जाणे हाच या उद्योगातला मोठा भाग आहे.

येथे एक मर्यादा मला पाळावीशी वाटते, आणि तीवर मित्रांनी वाद घालावा. आंबापाणी खेळावे; तेथे दोन फौजा होत्या, डोंगर एकीच्या बाजूने होता, फासे टाकण्याला अर्थ आहे. पण गुलाम महाराजांच्या आप चळवळीतील आदिवासींवर २ मार्च १९४३ रोजी रावलापाणी येथे गोळीबार झाला, तो खेळता येणार नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या पोरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी पडले, तोही खेळता येणार नाही. फासा दोन्ही बाजूंना संधी देतो. तेथे संधी एकाच बाजूला होती. अशा प्रसंगांच्या बाहुल्या कराव्यात, रंगवाव्यात, मांडून ठेवाव्यात, पण त्यांच्यापुढे मोजपट्टी ठेवू नये. कोणी म्हणेल की हा भेद हळवेपणाचा आहे. साल्हेरला मेलेल्यांनाही आया होत्या. आक्षेप खरा आहे आणि माझ्याजवळ त्याला पुरते उत्तर नाही. तरीही माझा हात शिरीषकुमारपुढे फासा टाकावयास धजत नाही.

अभ्यासवर्गातल्या त्या साथीला एवढेच सांगतो की डबीतला शिपाई आंबापाणीचा होता. गल्लीतल्या चार मुलांबरोबर मी त्या लढाईचे काम हाती घेतले आहे. तो पावरा मुलगा त्यांत आहे. डोंगरातल्या माणसांचे बारा तिरंदाज तयार करून मी मोठ्या अभिमानाने त्याला दाखविले. प्रत्येकाच्या तिरकामठ्याची दोरी मी बारीक कुंचल्याने पांढरी शुभ्र काढली होती, सुताची. त्याने एक उचलून डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "सर, दोरी सुताची नसते. बांबूचीच असते, चिरलेली. कामठ्याच्याच रंगाची." बारा दोऱ्या पुन्हा रंगवावयाच्या आहेत. सहा झाल्या.